‘वेडनेसडे’ला हसणारा वर्ग

प्रश्न: मी मराठी माध्यमाच्या शाळेत यंदाच शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले. आठवी-नववीला इंग्रजी आहे. आठवीत ५८ मुलं. इंग्रजीत प्रश्न विचारला की वर्ग गप्प. एखाद्याने उत्तर दिलंच तर बाकीचे खी-खी करतात. दहा-बारा जणांना धड वाचताही येत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी पूर्ण बंद करा, असं मुख्याध्यापक म्हणतात. पालकांना ‘फाडफाड इंग्लिश’ हवंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, तुमच्या एका प्रश्नात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मी अडकलो तो त्या ‘खी-खी’पाशी. तिथूनच बोलतो, कारण बाकीचं बरंचसं त्याच्यामुळेच अडलेलं असतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नववीच्या एका मुलीला उभं करून धडा वाचायला लावला. बुधवारच्या इंग्रजी शब्दापाशी ती थबकली आणि स्पेलिंग दिसलं तसं वाचून मोकळी झाली, ‘वेडनेसडे’. मराठी कानाला त्यातलं ‘वेड’ आधी ऐकू येतं. मागून कुणीतरी ‘वेडी’ म्हणालं, वर्ग फुटला, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आवरलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलीचं नाव ‘वेडनेसडे’ पडलं होतं. पुढे वर्षभर ती माझ्या तासाला बोलली नाही. हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणायची, तेही खाली बघून. तिचं काय चुकलं होतं? मराठीत जसं लिहिलंय तसं वाचतात, हे ती पहिलीपासून शिकली होती आणि तेच तिने केलं. चूक माझी होती. तयारीला वेळ न देता मी तिला ५० जणांपुढे उभं केलं होतं.

पाचवीतलं पोर चुकीचं इंग्रजी बिनधास्त बोलतं. आठवीत तेच पोर मुकं होतं, आणि आपण म्हणतो ‘यांचा पायाच कच्चा’. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फाटायला लागलेला असतो, आरशासमोरचा वेळ वाढलेला असतो, कोण आपल्याकडे बघतंय याचा हिशेब दिवसभर डोक्यात चालू असतो. अशा वयात त्या फाटक्या आवाजात परकी भाषा सगळ्यांसमोर बोलायची! या वयाच्या पोराला सरांची भीती फारशी नसते, शेजारच्या बाकाची असते. म्हणून माझा पहिल्या महिन्याचा नियम एकच आहे. कुणालाही एकट्याने उभं राहून इंग्रजीत बोलायला किंवा वाचायला लावायचं नाही. सगळ्या वर्गाने एकदम बोलायचं, नाहीतर बाकावरच्या जोडीदाराशी बोलायचं. २९ बाकांवर एकाच वेळी बोलणं सुरू झालं की वर्गाचा बाजार होतो आणि त्या कलकलाटात कुणाचं काय चुकलं ते कुणालाच ऐकू जात नाही. बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना तो गोंधळ वाटेल, तेव्हा आधी सांगून ठेवा. जोड्या बाकाप्रमाणेच लावा. ‘जेंडर इक्वॅलिटी’च्या उत्साहात नववीत मुलामुलींच्या जोड्या लावायला गेलात तर आहे तेवढंही बोलणं बंद पडेल. ते पुढच्या सत्रात, हळूहळू.

‘आता उशीर झाला, लहानपणीच पकडायला हवं होतं’ असं तुम्हाला स्टाफरूममध्ये ऐकायला मिळेल. एक म्हणजे, आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमची आठवीतली मुलं सात वर्षं इंग्रजी शिकूनच आलीत. दुसरं म्हणजे, कॅथरिन स्नो आणि मॅरियन हॉफनागल-होले या दोघींनी १९७८ साली हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषक मुलांचा आणि मोठ्यांचा डच शिकतानाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सगळ्यात झपाट्याने शिकलेला गट होता १२ ते १५ वर्षांचा. उच्चारांच्या बाबतीत लहान मुलं शेवटी पुढे जातात हे खरं, पण नियम पकडणं, वाक्यं रचणं, शब्द लक्षात ठेवणं यात हे वय फार तयारीचं असतं. तेव्हा ‘पोरांचं वय गेलं’ हे मनातून काढून टाका.

मराठी बंद करण्याबद्दल. मी पूर्वी एका शाळेत होतो, तिथे इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द बोलला की एक रुपया दंड होता. आठवड्याभरात वर्ग स्मशानासारखा शांत झाला. एक बेरकी पोरगा मात्र पाचाची नोट घेऊन आला आणि म्हणाला, ‘सर, आज पाच रुपयांचं बोलून घेतो.’ वर्गात तेवढाच एक जण बोलत होता, तोही मराठीत. मराठी बंद केल्याने इंग्रजी येत नाही, नुसती तोंडं बंद होतात. माझ्या तासाला वाटणी ठरलेली असते. रोजची कामाची वाक्यं, म्हणजे वही काढा, जोडीला विचारा, पुन्हा सांगा, झालं का, मला समजलं नाही, ही इंग्रजीतच, दोन्ही बाजूंनी. अशी वीसेक वाक्यं मोठ्या अक्षरांत फळ्याच्या बाजूला लावलेली आहेत. व्याकरणातली गुंतागुंत मात्र मी सरळ मराठीत सांगतो. जे दोन मिनिटांत मराठीत कळतं ते वीस मिनिटं इंग्रजीत हातवारे करून सांगण्यात कसला आलाय पराक्रम?

पहिला तास कसा घ्यायचा ते सांगतो. फळ्यावर काही लिहू नका. पोरांना विचारा, घरात आणि रानात तुम्ही कोणकोणते इंग्रजी शब्द वापरता? आमचा भाग सांगोल्याकडचा, डाळिंबाचा. पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग एकाने दबकत ‘मोटर’ म्हटलं. त्याच्या मागोमाग स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, ड्रिप, लॅटरल, फिल्टर, स्प्रे, क्रेट, रेट, पेमेंट, लेबर. मुलींकडून कुकर, मिक्सर, गॅस, मशीन, फॉल, पिको, मॅचिंग. मैदानावरचे वेगळे, मोबाईलमधले वेगळे. तास संपेपर्यंत फळा भरून शब्द खाली भिंतीवर आले होते. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ म्हणणाऱ्या वर्गाकडे दोनशेच्या वर शब्द निघाले. त्यात गमतीही असतात. ‘सेटिंग’ म्हणजे एकासाठी डाळिंबाचं फळ धरणं, दुसऱ्यासाठी मोबाईलमधलं चाक, आणि मागच्या बाकावर तिसराच अर्थ, त्यावर आपण ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

हीच यादी पुढे न वाचता येणाऱ्या दहा-बारा जणांच्या कामी येते. चौदा वर्षांच्या मुलापुढे ‘ए फॉर ॲपल’चा तक्ता धरणं म्हणजे त्याचा अपमान आहे. तो पुस्तक मिटेल आणि दांडगाई सुरू करेल, कारण ‘ढ’ ठरण्यापेक्षा वांड ठरलेलं त्याला परवडतं. माझ्या वर्गात असाच एक होता. धड्यातली ओळ वाचता यायची नाही, पण खताच्या पिशवीवरचं ‘वॉटर सोल्युबल’ मात्र तो ओळखायचा. अक्षरं जुळवून नव्हे, चित्रासारखं. मग तीच रिकामी पिशवी वर्गात आणली आणि ‘वॉटर’ कापून वेगळं केलं. त्यातला ‘वॉ’ आणखी कुठे दिसतो? ‘वॉश’, ‘वॉच’. असं एका ओळखीच्या शब्दावरून दुसऱ्यावर जायचं. ‘टी-आय-ओ-एन’ची गोष्ट तशीच. स्टेशन, कनेक्शन, सेक्शन, ॲक्शन हे शब्द त्यांच्या तोंडात आहेतच. चारही एकाखाली एक लिहा आणि शेपूट सारखं कुठे आहे ते विचारा. ‘शन’ त्यांनीच शोधून काढला की ‘एज्युकेशन’चा डोंगर अर्धा होतो. देवनागरीत एका अक्षराचा आवाज बहुतेक ठरलेला. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज चाळिशीच्या पुढे, त्यामुळे एकेका अक्षराला दोन-तीन पाळ्या कराव्या लागतात. हे असं मराठीत सांगून टाकलं की पोरांना बरं वाटतं. आपण मठ्ठ नाही, ही लिपीच तऱ्हेवाईक आहे, हे कळतं.

आता बोलण्याकडे. बोलायला काहीतरी कारण लागतं. ‘टेल मी अबाउट युवर फॅमिली’ यात कारण काहीच नाही, कारण त्याच्या घरात कोण कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. मी एसटीचं वेळापत्रक वापरतो. दोन कागद करायचे. ‘अ’ कागदावर आटपाडीहून सांगोल्याला येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, ‘ब’वर सांगोल्याहून पंढरपूरला सुटणाऱ्या गाड्यांच्या. वेळा मीच मनाने घालतो, खऱ्या नसल्या तरी चालतं. जोडीतल्या एकाकडे ‘अ’, दुसऱ्याकडे ‘ब’, आणि एकमेकांच्या कागदात बघायचं नाही. प्रश्न असा की पंढरपुरात लग्न आहे १२ वाजून ३५ मिनिटांनी, आटपाडीहून सर्वात उशिरा कोणत्या गाडीने निघालं तर अक्षता मिळतील? दोघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय उत्तर निघतच नाही.

पहिल्यांदा पोरं ‘पंढरपूर बस, व्हॉट टाइम?’ असंच विचारतात. विचारू द्या. तो प्रश्न समजतो, त्याचं उत्तर मिळतं, काम पुढे सरकतं. एका जोडीत ‘ब’वाला म्हणाला, ‘क्वार्टर टू टेन’. ‘अ’वाल्याने लिहिलं सव्वादहा, आणि मोठ्या ऐटीत सव्वादहाची गाडी धरून वऱ्हाड निघालं. ती गाडी अस्तित्वातच नव्हती. पुढची थेट बाराची. फळ्यावर सगळ्यांची उत्तरं मांडली तेव्हा यांचं वऱ्हाड अक्षता पडल्यावर जेवायला पोहोचलं होतं. वर्ग हसला, पण ते हसणं वेगळं होतं. कुणाच्या उच्चाराला नव्हतं, चुकलेल्या बसला होतं, आणि ती दोघंही हसत होती. मग मी विचारलं, पावणेदहा म्हणजे काय? दहाला पाव कमी. मग इंग्रज काय वेगळं म्हणतो? ‘क्वार्टर टू’ म्हणजे पावणे, ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, ‘हाफ पास्ट’ म्हणजे साडे. मराठीत हे तिन्ही शब्द आयते आहेत, एकास एक जुळतात. फक्त दीड आणि अडीचला सांभाळायचं. त्या दिवसानंतर त्या वर्गात घड्याळ पुन्हा शिकवावं लागलं नाही.

ही कल्पना माझी नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांमध्ये हाच प्रयोग केला. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवायचा, मुलांना डोकं चालवायला लावणारं काम द्यायचं, भाषा त्या कामाच्या ओघात शिकली जाते. वेळापत्रकं, नकाशे असलीच कामं त्यांच्याकडेही होती. आधी शिक्षकाने फळ्यावर तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर करून दाखवायचं, मग मुलांनी दुसरं स्वतः सोडवायचं, ही त्यांची रीत मी जशीच्या तशी उचलली आहे, आणि ती पायरी तुम्हीही गाळू नका. जोडीकाम-गटकाम मात्र प्रभूंनी टाळलं होतं. मुलं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी ऐकून तेच उचलतील असं त्यांचं म्हणणं. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. चुकीचं का होईना, बोलल्याशिवाय ही भीती जात नाही, आणि ५८ जणांत प्रत्येकाला बोलायला मिळण्याचा जोडीशिवाय दुसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

व्याकरणात सगळ्यात जास्त वेळ प्रश्नांना द्या. मराठीत ‘तू सांगोल्याला राहतोस’ आणि ‘तू कुठे राहतोस’ यात शब्दांची जागा तीच राहते, ‘सांगोल्याला’ काढून ‘कुठे’ ठेवलं की झालं. इंग्रजीत मात्र ‘व्हेअर’ पुढे पळतो आणि मध्येच ‘डू’ नावाचा एक बिनअर्थाचा पाहुणा येतो. म्हणून आपली पोरं ‘यू लिव्ह व्हेअर?’ म्हणतात, मोठी झाल्यावर ‘व्हाय यू आर लेट?’ म्हणतात, आणि पुढे कधीकधी आपल्यासारखी शिक्षक होतात. यावर नियम सांगून उपयोग होत नाही. सहा-सात साचे तोंडात बसेपर्यंत घोकून घ्या, तालावर, टाळ्या वाजवून. ‘ही गोज’मधल्या ‘एस’चं ओझं मात्र पोरांना वाटतं तेवढं नाही. त्यांना विचारा, ‘तो जातो, ती जाते, ते जातात’ हे कोण बोलतं? क्रियापदाला जागोजागी शेपटी बदलायची सवय त्यांना पाळण्यापासून आहे, इंग्रजीला एकच शेपटी आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’वर एकदा हसून पुढे जा. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’साठी आठवीत वेळ घालवू नका. मराठीत त्यांना जागाच नाही, ते वाचत वाचत उशिरा बसतात.

उच्चारांचं भांडवलही आपल्याकडे आहे. ‘जहाज’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळा, हे मराठी पोराला सांगावं लागत नाही. पहिल्यावरून ‘झू’, दुसऱ्यावरून ‘जून’. अडचण येते ती ह्रस्व-दीर्घाची. आपल्या बोलण्यात इ-ई जवळजवळ एकच झालेत, शुद्धलेखनाच्या तासापुरते वेगळे. पण इंग्रजीत ‘लिव्ह’ म्हणजे राहतो आणि ‘लीव्ह’ म्हणजे निघून जातो. ‘आय लीव्ह सांगोला’ म्हणणाऱ्या पोराला मी विचारतो, ‘कुठे निघालास रे?’ ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकले का, ते जोडीदाराने बघायचं. या कामात पोरं इतकी रमतात की तासभर एकमेकांचे ओठच बघत बसतील, तेव्हा पाच मिनिटांवर थांबवा.

चुका कधी सुधारायच्या? बोलत असताना नाहीच. मी वर्गात फिरतो, कानावर पडलेली वाक्यं खिशातल्या डायरीत लिहितो आणि शेवटची पाच मिनिटं राखून त्यातली चार-पाच वाक्यं फळ्यावर मांडतो, नाव न घेता. त्यात एखादं वाक्य मुद्दाम स्वतःचं घालतो आणि पोरांनी ते पकडलं की मान्य करतो, ‘हे माझं होतं.’ सरही चुकतात हे बघितलेला वर्ग दुसऱ्याला हसायला जरा कचरतो. तरी कुणी हसलंच, तर तिथे मी कडक होतो. वर्षातून दोनदाच आवाज चढवतो, तो यासाठी. वहीतही सगळं लाल करू नका. या आठवड्यात फक्त भूतकाळ तपासणार, असं आधी सांगा आणि तेवढंच तपासा.

कधीतरी तास मैदानावर न्या. खो-खो लावा, बसलेल्या बाकीच्यांनी धावतं वर्णन करायचं. ‘शी इज रनिंग, शी इज टर्निंग, आउट!’ चालू वर्तमानकाळ शिकवायला याहून नैसर्गिक जागा मला माहीत नाही, कारण जे डोळ्यासमोर घडतंय तेच बोलायचं असतं आणि थांबून विचार करायला सवडच नसते. वर्गात जिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं अशी एक मुलगी खांबापाशी उभी राहून ‘गो, गो, शी इज कमिंग!’ म्हणून ओरडताना मी ऐकली आहे. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांना एका मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. नाही आवडला तर पुसून पुन्हा करता येतो, समोर कुणी बघत नसतं. मोबाईल नसलेल्यांसाठी मधल्या सुट्टीत माझा फोन असतो.

पालकांना सांगा की दहावीला लेखी ८० आणि उरलेले २० तोंडी-अंतर्गत असतात, वर्गात बोलणं म्हणजे त्या २०ची तयारी. ते वीस गुण आपण बहुतेक ठिकाणी डोळे मिटून वाटतो, हे त्यांना सांगायची गरज नाही, पण तुम्ही तसं करू नका.

वेळापत्रकाचे कागद करताना ‘अ’च्या २९ आणि ‘ब’च्या २९ प्रती काढा, दोन-चार जादा असू द्या. मागे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवा, माझे सात वर्षं टिकलेत. आणि पहिला प्रयोग मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला ठेवू नका, जेवण झालेली पोरं लग्नाला निघायलासुद्धा पेंगतात.